पाठीवर पडशी, पायाखाली पुळण
(मंडळाच्या राजुरा येथील वार्षिक संमेलनात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘सुटीचा सदुपयोग’ असा विषय छापलेला आहे. हा विषय ऐकताच पालकांचे चेहरे उजळतात आणि विद्यार्थ्यांचे उतरतात, असा आमचा शिक्षकी पेशातील जुना अनुभव आहे. कारण सदुपयोग या शब्दाचा आपल्या घरांत रूढ झालेला अर्थ ‘आणखी एक शिकवणी’ एवढाच आहे. आज आम्ही तो अर्थ थोडा विस्तृत करू इच्छितो.

गेल्या नाताळच्या सुटीत मंडळाच्या घरांतील अकरा विद्यार्थी, त्यांत चार मुली, आणि त्यांच्यासोबत आम्ही उभयतां, कोकणच्या किनाऱ्याने पायी फिरून आलो. श्रीवर्धनपासून गुहागरपर्यंत, पाठीवर आपापले ओझे घेऊन. परत आल्यावर कित्येकांनी आमचे कौतुक केले. तितक्याच जणांनी, आमच्या तोंडावर नव्हे तरी ओट्याओट्यांवर, नापसंतीही बोलून दाखविली. समुद्रासारख्या धोक्याच्या ठिकाणी मुले नेली, वयात आलेल्या मुली नेल्या, आणि कोणाच्याही घरी जेवविले, हे त्या नापसंतीचे तीन मुद्दे. कुजबुजीस उत्तर देता येत नाही. पण मुद्द्यास देता येते. म्हणून अध्यक्षांच्या अनुज्ञेने आम्ही हे व्यासपीठ निवडले आहे.

प्रथम कोणी विचारील, राजुऱ्याचा आणि समुद्राचा संबंध काय? प्रश्न रास्त आहे. एका अंगास वर्धा नदी, दुसऱ्या अंगास माणिकगडचे डोंगर, भोवती सागाचे रान, रानाच्या कडेस कोळशाच्या खाणी आणि सिमेंट कारखान्यांची धुराडी. यांत समुद्र कोठे बसतो? आपला तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या विस्तीर्ण संस्थानास वीतभरही समुद्रकिनारा नव्हता. राज्यपुनर्रचनेत, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राजुरा मुंबई राज्यात आला. १९५९ साली नांदेड जिल्ह्यातून निघून चांदा जिल्ह्यास जोडला गेला. आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे कोकणचा किनारा कायद्याने आपला झाला त्यास सहा दशकांहून अधिक काळ लोटला. पायांनी तो आपला करून घेणे तेवढे राहून गेले.

परंतु कायद्याहूनही जुनी नाती आहेत. बल्लारपुरास जाताना आपण ज्या पुलावरून जातो, त्याखालचे वर्धेचे पाणी पुढे वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि राजमहेंद्रीच्या पलीकडे अनेक मुखांनी बंगालच्या उपसागरास भेटते. आपल्या दारचे पाणी न चुकता समुद्रास जाते. आपणच जात नाही. दुसरे नाते पायाखालचे. गडचांदूर, आवारपूर या परिसरातील कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, ती चुनखडी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे असलेल्या समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ होय, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा ज्या सिमेंटने आपण माडी बांधतो, ते एका लुप्त समुद्राचेच दान आहे. तिसरे नाते मिठाचे. आगगाडी येण्यापूर्वी लमाणांचे तांडे किनाऱ्यावरचे मीठ बैलांच्या पाठीवर लादून अंतर्भागात आणीत आणि परतताना धान्य नेत. पाठीवर ओझे घेऊन किनारा आणि रान यांची गाठ घालून देणारे हे आद्य प्रवासी चौपायी होते, एवढाच फरक.

पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडण्याच्या या प्रकारास आजची मुले ‘बॅकपॅकिंग’ म्हणतात आणि तो परदेशातून आला असे समजतात. आपल्या आजोबांची पडशी त्यांनी पाहिलेली नाही, म्हणून हा समज. पायी प्रवास हा तर मराठी माणसाचा स्थायीभाव होता. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. लाखो माणसे ते दरवर्षी चालून जातात. आपल्याच वर्धेच्या काठच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास पायी जाते. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली पायी उत्तरेस निघाले ते ऐन बंडाच्या वणव्यात सापडले, आणि जिवंत परत येऊन त्यांनी लिहिलेला ‘माझा प्रवास’ हा मराठीचा ठेवा ठरला. परदेशात या हौसेस संस्थेचे रूप आले ते एका शाळामास्तरामुळे. रिचर्ड शिरमान हा जर्मन शिक्षक १९०९ साली विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीस गेला असता वादळात सापडला. एका गावच्या शाळेत सर्वांनी रात्र काढली. आणि सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा चालणाऱ्या मुलांस निवाऱ्यासाठी उघडाव्या, ही कल्पना त्यास तेथे सुचली. जगभरच्या युवा वसतिगृहांच्या चळवळीचे बीज ते. आपल्या देशातही ही चळवळ रुजली असून तिच्या वतीने गोव्याच्या किनाऱ्याने पायी सहली निघतात. ब्रिटनमधील वेल्स या लहानशा प्रांताने तर २०१२ साली आपल्या सबंध किनाऱ्याने जाणारी सुमारे १४०० किलोमीटरची पाऊलवाट सिद्ध केली. आपल्या महाराष्ट्राचा किनारा शाळेत शिकविल्याप्रमाणे ७२० किलोमीटरचा. त्यावर अशी आखलेली वाट नाही; परंतु विचारले असता वाट दाखविणारा माणूस गावोगाव आहे.

आता आमच्या वाटेविषयी. बल्लारशाहहून मुंबईकडे, तेथून कोकण रेल्वेने माणगाव आणि एस. टी. ने श्रीवर्धन, येथपर्यंतचा प्रवास चारचौघांसारखा. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथांचे गाव. तेथून हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी आणि बाणकोट, पुढे वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, कोळथरे, दाभोळ, आणि पुन्हा फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपावे व गुहागर. दिवसास दहाबारा किलोमीटरांहून अधिक चाल ठेवली नाही. पाठीवरचे ओझे सातआठ किलोंच्या वर जाऊ द्यावयाचे नाही, असा नियम होता. दोन जोड कपडे, एक चादर, पंचा, विजेरी, पाण्याची बाटली, मीठ-साखरेची पुडी, गूळ-फुटाणे, आणि घरची जवसाची चटणी. निघताना प्रत्येक आईने आणखी काही ना काही कोंबले होते. बल्लारशाहच्या फलाटावर आम्ही सर्व पिशव्या उघडून ते बाहेर काढले आणि निरोप द्यावयास आलेल्या पालकांच्याच हाती परत दिले. पाठीवर काय न्यावयाचे याचा निर्णय ज्यास करता येतो, त्यास आपल्या गरजा किती आणि हौस किती, हे आयुष्यात पहिल्यांदा कळते.

किनाऱ्याने चालणाऱ्याचा खरा गुरू म्हणजे भरती-ओहोटी. येथे नापसंतीच्या पहिल्या मुद्द्याचे, म्हणजे धोक्याचे, उत्तर येते. समुद्र धोक्याचा आहे हे आम्ही नाकारीत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले पुण्याच्या एका महाविद्यालयातील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून मरण पावले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. नदीकाठच्या आपल्या मुलांना तर हा धोका अधिक, कारण वर्धेत पोहणारा मुलगा समजतो की पाणी ते पाणीच. नदीचे पाणी एका दिशेने वाहते. समुद्राचे पाणी येते आणि जाते, आणि जाताना, विशेषतः खाडीच्या मुखाशी, उभ्या माणसास ओढून नेते. म्हणूनच पाण्याचे वेळापत्रक पाठ केल्याखेरीज किनाऱ्यावर पाऊल ठेवावयाचे नाही, हा आमचा पहिला दंडक होता.

हे वेळापत्रक कोठे मिळते? आपल्या प्रत्येकाच्या घरी खुंटीस टांगलेल्या पंचांगात! कोकणातील जुना आडाखा असा, की अमावास्या किंवा पौर्णिमा झाल्यावर जी तिथी असेल तिची पाऊणपट करावी. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. अष्टमीस सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेस भरती साडेअकरा-बाराच्या सुमारास, आणि ती सर्वांत मोठी. तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपासची भरती लहान, ती भांगाची. हा हिशेब ढोबळ आहे. ठिकाणपरत्वे अर्धापाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा गावच्या कोळ्यास विचारून तो पक्का करावयाचा. आम्ही मुद्दाम पौर्णिमेच्या आगेमागेचे दिवस निवडले होते. त्या दिवसांत ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास येते. पहाटे निघावे तो ओली पुळण फरशीसारखी घट्ट. उन्हाबरोबर पाणी चढू लागले की गावात शिरून सावली धरावी. आणि दिवस कलताना पुन्हा वाट मोकळी.

हरिहरेश्वरास या ज्ञानाची पहिली परीक्षा झाली. तेथील प्रदक्षिणेची वाट कड्याखालून, लाटांनी जाळीदार कोरलेल्या खडकांवरून जाते आणि ती ओहोटीलाच चालण्याजोगी असते. मुलांनी तिथीची पाऊणपट केली, देवळाजवळच्या दुकानदारास विचारून ताळा पाहिला आणि वाट उघडण्याची वाट पाहत तासभर बसून राहिली. आयुष्यात ज्यांनी कधी रांगेत दहा मिनिटे धीर धरला नव्हता, अशी ही मुले. समुद्रापुढे वशिला चालत नाही आणि घाई चालत नाही, हे एकदा उमजले म्हणजे धोका नाहीसा होत नसला तरी धोका ओळखणारी नजर येते. गुडघ्याच्या वर पाण्यात जावयाचे नाही, खाडीच्या तोंडाशी पाण्यास पायही लावावयाचा नाही, आणि ओहोट चालू असता लाटांशी खेळावयाचे नाही, हे तीन नियम अकराही जणांनी निरपवाद पाळले. ज्या पालकांस धास्ती वाटते त्यांनी आपल्या मुलांस समुद्रापासून दूर ठेवू नये. समुद्राचे नियम शिकवून पाठवावे. आज ना उद्या ती मुले मित्रांबरोबर जाणारच आहेत, आणि त्या वेळी नियम सांगणारे कोणी सोबत असेलच असे नाही.

वाटेत पाहिले ते सर्व सांगत बसलो तर भोजनाची वेळ टळेल. दोनतीन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आज ते गाव कासवांसाठी प्रसिद्ध आहे. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि समुद्रात परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, कुत्री-कोल्ही खात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ती जाळीबंद कुंपणात सांभाळण्यास प्रारंभ केला. पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात ते पाहण्यास आता लोक येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. त्यातून घरोघर चार पैसे मिळतात. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या मुलांस वन्य प्राण्यांवर चालणारा पर्यटनाचा धंदा नवा नाही. परंतु आपल्याकडे पाहुणा जीपगाडीत बसून येतो आणि जीपगाडीतच बसून जातो. वेळासला तो ओटीवर पानास बसतो. या फरकावर मुले दोन दिवस आपसांत वाद घालीत चालली होती.

दुसरी गोष्ट वादळाची. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस जमिनीवर आले आणि रायगड व उत्तर रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून फळ धरावयास पाचसहा वर्षे तरी लागतात. ज्या बागाइतदाराच्या वाडीत आम्ही पाणी प्यालो, त्याच्या बागेत उंच झाडांच्या मध्ये कंबरेएवढ्या रोपांच्या ओळी होत्या. त्याने वादळाचे वर्णन केले नाही. प्रत्येक रोपाचे वय तेवढे सांगितले. कापूस-सोयाबीनच्या एका हंगामाने हवालदिल होणाऱ्या घरांतील आमची मुले ते ऐकत स्तब्ध उभी होती.

तिसरी गोष्ट हर्णैची. सुवर्णदुर्ग समोर, आणि पुळणीवर मासळीचा लिलाव. तेथे एका कोळीणआजीकडे आम्ही मुक्कामास होतो. ज्यांच्या घरी मासळी चालते त्यांनी मासळी खाल्ली. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्यासाठी आजींनी वेगळ्या भांड्यात कुळथाची पिठी केली, आणि भांडे वेगळे आहे हे आपणहून दाखविले. जेवताना त्यांनी विचारले, “तुमच्याकडे वाघ दाराशी येतात म्हणे?” आमच्यातील एक मुलगी म्हणाली, “येतात आजी. पण तुमच्याकडे तर समुद्रच दाराशी!” त्यावर आजी हसून म्हणाल्या, “पोरी, समुद्राची वेळ ठरलेली असते. तुमच्या वाघाची कुठे असते?” दोन अनोळखी प्रदेशांची एवढी नेमकी ओळख आम्हांस कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात आढळली नाही.

येथे आम्ही नापसंतीच्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळतो. हर्णैच्या शेजारच्या मुरूड गावात महर्षी धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. सतराव्या वर्षी, १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, ते सोबत्यांसह मुरूडहून साताऱ्यास परीक्षेसाठी पायी गेले. शंभर मैलांहून अधिक वाट, सह्याद्रीचा घाट चढून. आणि तेथे पोहोचल्यावर, हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे सांगून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. ज्याच्या अंगी ती वाट चालण्याचे बळ होते, त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याची योग्यता ठरविण्यात आली. याच गृहस्थांनी पुढे १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते भारतरत्न झाले. आमच्या चार मुली मुरूडच्या पुळणीवर ही हकीकत ऐकत होत्या, तेव्हा त्यांतील एकीने विचारले, “मग आमच्याकडे पाहूनच आम्ही चालू शकणार नाही असे का ठरवितात?” या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेथे दिले नाही. ते देण्याचा अधिकार या सभागृहात बसलेल्या आईवडिलांचा आहे. आमच्यापुरते एवढेच नमूद करतो, की संपूर्ण प्रवासात पाठीवरचे ओझे दुसऱ्याकडे देण्याची पाळी दोघांवर आली, आणि ते दोघेही मुलगे होते.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक. तो आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ‘कोणाच्याही घरी जेवविले.’ होय, जेवविले. त्या किनाऱ्यावर आपल्या ज्ञातीचे एकही घर आमच्या माहितीत नव्हते. कोळ्याच्या घरी जेवलो, कुणब्याच्या घरी जेवलो, भंडाऱ्याच्या वाडीत शहाळी प्यालो, आणि दाभोळला जुन्या मशिदीजवळच्या मुसलमान कुटुंबाच्या पडवीत पाऊस टाळण्यासाठी नव्हे, तर ऊन टाळण्यासाठी दोन तास बसून चहा घेतला. दाभोळ हे एके काळी जगाचे दार होते. अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी १४६९ साली चौलच्या बंदरात उतरला, जुन्नरमार्गे बीदरास गेला आणि परतीच्या वेळी दाभोळहूनच गलबतात बसला. परक्यास दार उघडणे हा त्या गावचा पाचशे वर्षांचा अभ्यास आहे.

वडीलधाऱ्यांची भावना आम्ही समजू शकतो. आपल्या आजोबांच्या काळी प्रवासी परगावी उतरला म्हणजे प्रथम आपल्या ज्ञातीचे घर शोधी. खाणावळी नव्हत्या, ओळखी नव्हत्या. त्या काळी ज्ञाती हाच भरवशाचा पत्ता होता. ज्ञातींची वसतिगृहे निघाली तीही याच गरजेपोटी. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उघडली, कारण खेड्यातील पोराला शहरात पाय टेकण्यास जागा हवी होती. ती वसतिगृहे ही शिडी होती. शिडीवरून मनुष्य वर चढला म्हणजे त्याने पुढे चालावे अशी अपेक्षा असते. शिडीवरच घर करून राहावे अशी नव्हे. आपले मंडळही आपल्या मुलांस शिष्यवृत्ती देते ती या भावनेनेच, असे आम्ही समजतो.

सावित्रीची खाडी ओलांडताना आम्ही मुलांस सांगितले, की याच नदीच्या खोऱ्यात वर महाड आहे, आणि तेथील चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जावे लागले. पाणी सर्वांचे, हे सांगण्यास केवढा खटाटोप! आणि तहानलेल्या वाटसरूस ते किती सोपे! भर दुपारी, रिकामी बाटली हाती घेऊन जो अनोळखी दारात उभा राहिला आहे, तो घरमालकाची जात विचारीत नाही. पाणी आहे का एवढेच विचारतो. घरमालकही आधी तांब्या पुढे करतो आणि मग ‘कोठले आपण?’ म्हणून विचारतो. आमच्या मुलांनी असे किती तांबे तोंडास लावले याची गणना नाही. एकाही दारातून ती विन्मुख परतली नाहीत. आपल्या माणसांच्या घरी मान मिळणे यात विशेष ते काय? जेथे आपले कोणीच नाही तेथे नम्रपणे उभे राहणे, मागणे, घेणे, आणि निघताना हात जोडून ऋण मान्य करणे, हे शिक्षण शिकवणीच्या वर्गात मिळत नाही आणि ज्ञातीच्या मेळाव्यातही मिळत नाही. ते वाटेवरच मिळते. आमच्या मते सुटीचा याहून दुसरा सदुपयोग नाही.

आपल्या जिल्ह्यास हा विचार परका नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे १९८५ साली तरुण-तरुणींस घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ म्हणत निघाले, आणि त्याआधी १९६७ पासून मूलजवळच्या सोमनाथ येथे श्रमसंस्काराची छावणी भरू लागली. देश पायाखालून गेल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

तेव्हा आता आमच्या सूचना. त्या थोड्या आहेत. पहिली, मंडळाच्या विद्यार्थी निधीतून दरवर्षी काही रक्कम पायी सहलीसाठी राखून ठेवावी. ज्या घरांस खर्च झेपत नाही, त्यांच्या निदान पाच मुलांस ती मिळावी. खर्च फार नाही. साधे रेल्वेचे तिकीट, एस. टी. आणि घरगुती जेवण. एका विषयाच्या शिकवणीस वर्षाकाठी जे लागते त्यापेक्षा तो आम्हांस कमीच आला. दुसरी, जाणाऱ्यांत निम्म्या मुली असाव्या आणि सोबत एक तरी वडीलधारी स्त्री असावी. तिसरी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी याच काळात जावे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांना टेकतो म्हणून मुले समुद्राची स्वप्ने पाहतात हे खरे, परंतु मे महिन्यात किनाऱ्यावर घामाच्या धारांनी चालवत नाही आणि महिना संपता संपता समुद्र खवळू लागतो. १ जून ते ३१ जुलैपर्यंत तर मच्छीमारही यांत्रिक होड्या पाण्यात घालीत नाहीत. चौथी, परत आलेल्या प्रत्येकाने स्मरणिकेसाठी आपला वृत्तांत लिहून द्यावा. म्हणजे पुढच्यास वाट सापडेल.

पाचवी सूचना ही सूचना नसून शब्द आहे, आणि तो आम्ही मंडळास न विचारता देऊन आलो आहोत. हर्णैच्या आजींच्या नातवंडांस आणि वेळासच्या शाळकरी मुलांस आम्ही राजुऱ्याचे निमंत्रण दिले आहे. त्यांनी साग पाहिलेला आहे तो होडीत. उभा साग त्यांना पाहावयाचा आहे. माणिकगड पाहावयाचा आहे, वर्धेचा काठ पाहावयाचा आहे, चुनखडीत लपलेला जुना समुद्र पाहावयाचा आहे. शक्य तर, सुरक्षित अंतरावरून, वाघही पाहावयाचा आहे. येत्या दिवाळीच्या सुटीत ती मुले पाठीवर पिशव्या घेऊन बल्लारशाहच्या फलाटावर उतरतील. त्यांना घरोघर उतरवून घ्यावे लागेल. त्यांच्यापैकी एकही आपल्या ज्ञातीचा नसेल.

कोणाकोणाच्या घरी किती पाने मांडता येतील, त्याची यादी सभेनंतर दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावयाची आहे. वहीत दोनच रकाने आखले आहेत: घरमालकाचे नाव, आणि पाहुण्यांची संख्या. तिसरा रकाना आम्ही आखलेला नाही.